किट घेण्याआधी: माध्यमिक शाळेच्या रोबोटिक्स संघाचा ज्ञानाचा पाया आणि गावाचा आधार

माध्यमिक शाळेत रोबोटिक्सचा संघ काढायचे ठरले की पहिली बैठक बहुतेक वेळा किटच्या, म्हणजे रोबोट जोडायच्या तयार संचाच्या किमतीवरच खर्ची पडते. मी तालुक्याच्या गावातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवतो आणि काही वर्षांपासून आठवी-नववीच्या मुलामुलींचा असा संघ चालवतो. पहिल्या वर्षी आम्हीही किटपासूनच सुरुवात केली होती. किट आले, मुलांनी चित्रे पाहून दोन दिवसांत गाडी जोडली, ती चालली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि त्यानंतर सहा आठवडे संघ जागचा हलला नाही. गाडी सारखी डावीकडे का ओढते हे नेमके विचारायला मुलांजवळ शब्द नव्हते आणि ते समजावून सांगेल असे माणूस आमच्या ओळखीत नव्हते.

त्या सहा आठवड्यांनी आमची कामाची पद्धत बदलली. ज्या फिटरकडे, वायरमनकडे किंवा शेतकऱ्याकडे मुले काही शिकायला जातात, तोच माणूस पुढे संघाच्या पाठीशी उभा राहतो, असा माझा अनुभव आहे. म्हणून गावाकडे आधी ज्ञान मागावे आणि वर्गणी नंतर. पुढे दिलेला क्रम याच अनुभवावर बेतलेला आहे. तो साधारण जूनमध्ये शाळा उघडल्यापासून पुढच्या जूनपर्यंतचा आहे.

पहिली पायरी: स्पर्धा आणि परवानगी

कोणत्या स्पर्धेसाठी तयारी करायची हे ठरले की काय शिकायचे याला सीमा पडते. फर्स्ट ही संस्था अमेरिकेत डीन केमेन यांनी १९८९ मध्ये स्थापन केली. तिच्या दोन स्पर्धा माध्यमिक शाळांना जवळच्या आहेत. फर्स्ट लेगो लीग चॅलेंजमध्ये साधारण ९ ते १६ वयाची जास्तीत जास्त दहा मुले एका संघात असतात. अडीच मिनिटांच्या रोबोट-खेळाबरोबरच वर्षाच्या विषयावर संशोधन करून एक प्रकल्पही त्यांना मांडावा लागतो. फर्स्ट टेक चॅलेंज सातवी ते बारावीसाठी आहे. तिथे संघात १५ पर्यंत विद्यार्थी चालतात, सामना सुरू होताना रोबोट १८ इंचांच्या घनात मावावा लागतो आणि अडीच मिनिटांच्या सामन्यातली पहिली ३० सेकंदे रोबोटला कोणाच्याही हाताशिवाय, स्वतःच्या प्रोग्रॅमवर काढावी लागतात. याशिवाय २००४ पासून चालत आलेली वर्ल्ड रोबोट ऑलिंपियाड आहे. घराजवळ तालुका विज्ञान प्रदर्शन आहे, आणि केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची इन्स्पायर मानक योजनाही आहे, जिच्यात निवड झालेल्या विद्यार्थ्याला नमुना तयार करण्यासाठी १०,००० रुपये मिळतात.

माझे स्पष्ट मत असे आहे की पहिल्या वर्षी अर्डुइनोवर (प्रोग्रॅम भरता येणाऱ्या छोट्या सर्किट-बोर्डवर) चालणारी साधी गाडी आणि तालुका विज्ञान प्रदर्शन एवढेच ध्येय ठेवावे आणि नोंदणी शुल्काच्या मोठ्या स्पर्धेचा विचार दुसऱ्या वर्षी करावा. या पायरीवर मुख्याध्यापकांची लेखी परवानगी, पालकांचे संमतिपत्र आणि कपाटाची किल्ली कोणाकडे राहील याचा निर्णय ही तीन कामे उरकून घ्यावीत. शेजारच्या एखाद्या शाळेला नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनमधून अटल टिंकरिंग लॅब मिळाली असेल, तर मुख्याध्यापकांचे पत्र घेऊन तिथल्या प्रभारी शिक्षकांना जरूर भेटावे. या प्रयोगशाळा सहावी ते बारावीच्या मुलांसाठी असून त्यांना २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. तिथे थ्रीडी प्रिंटर असेल आणि तो आठवड्यातून एक दुपार आपल्या मुलांना वापरता आला, तर ती मोठी मदत ठरते.

दुसरी पायरी: मुलांना काय ठाऊक आहे ते पाहणे

पहिल्या दोन आठवड्यांत एकही सुटा भाग विकत घेऊ नये. प्रत्येक मुलाला कोरा कागद द्यावा आणि समोर सायकल न ठेवता, आठवणीतून सायकल काढायला सांगावे. रोज सायकलवरून शाळेत येणारी मुलेसुद्धा चेन पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत काढतात. चित्रे झाली की व्हरांड्यात एक सायकल उलटी उभी करावी आणि ज्याने त्याने आपले चित्र तिच्याशी ताडून पाहावे. मग चेनव्हीलचे आणि फ्रीव्हीलचे दाते मोजायला लावावेत. पुढे ४४ आणि मागे १८ दाते निघाले, तर पायडल एकदा फिरल्यावर मागचे चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते, हे मुले खडूने टायरवर खूण करून स्वतः मोजतात. गिअरचे गुणोत्तर हा शब्द त्यानंतर उच्चारावा. तोवर गोष्ट हाताला कळलेली असते आणि तिला फक्त नाव द्यायचे उरते.

अशीच चाचणी बॅटरीवर चालणाऱ्या खेळण्याची, टीव्हीच्या रिमोटची आणि बंद पडलेल्या टेबल फॅनची घेता येते. काय ठाऊक आहे, काय ठाऊक आहे असे वाटत होते आणि काय अजिबात ठाऊक नाही, अशा तीन रकान्यांचा तक्ता वर्गात लावावा. मधला रकाना सर्वांत मोलाचा आहे, कारण शिकवण्याची खरी जागा तिथे दिसते.

तिसरी पायरी: शब्दवही आणि पाठ्यपुस्तक

रोबोटिक्सचे बहुतेक साहित्य इंग्रजीत आहे आणि मराठी माध्यमाच्या मुलाचा आत्मविश्वास तिथेच खचतो. यावर आम्हाला सापडलेला उपाय म्हणजे शब्दवही. एका शब्दाला एक पान द्यायचे. वर शब्द, त्याखाली मुलाने स्वतःच्या मराठीत सांगितलेला अर्थ, मग हाताने काढलेली आकृती आणि शेवटी ही गोष्ट आपल्या गावात कुठे पाहिली त्याची नोंद. टॉर्क (फिरवणारा जोर) या शब्दाच्या पानावर आमच्या संघातल्या एका मुलीने लिहिले होते: ‘डेपोत ट्रकचा नट निघत नव्हता तेव्हा काकांनी पान्याला पाइप लावला, पाइप लांब म्हणून नट सुटला.’ तिने पुस्तकातली व्याख्या उतरवली असती, तर ती परीक्षेनंतर पुसली गेली असती. हे वाक्य ती दोन वर्षांनंतरही नव्या मुलांना सांगत होती.

नववीच्या विज्ञानातले गतीचे नियम, कार्य आणि ऊर्जा, धाराविद्युत आणि ध्वनी हे पाठ म्हणजे रोबोटिक्सची निम्मी तयारी आहे, आणि पालकांना हे मुद्दाम दाखवून द्यावे, कारण ‘यात अभ्यास बुडतो’ या काळजीला याहून चांगले उत्तर नाही. ध्वनीचा पाठ चालू असताना अल्ट्रासोनिक सेन्सर, म्हणजे आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा भाग, बाहेर काढावा. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे एक सेंटीमीटर जायला त्याला सुमारे २९ मायक्रोसेकंद लागतात. जाऊन परत येण्याचे धरले की ५८. प्रोग्रॅममध्ये वेळेला ५८ ने भागतात ते याचसाठी, आणि हा आकडा मुलांनी फळ्यावर स्वतः काढला पाहिजे. आमच्या वर्गात एका मुलाने सेन्सर भिंतीसमोर धरला तेव्हा अंतर बिनचूक आले. त्याने तो खिडकीच्या जाड सुती पडद्याकडे वळवला तसा आकडा उड्या मारू लागला. सेन्सर बिघडला असे सगळ्यांना वाटले. तेवढ्यात मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, ‘सर, कापड आवाज पितं.’ नाट्यगृहाच्या भिंतींना मऊ आवरण का लावतात याचा उलगडा त्या दिवशी आपोआप झाला.

विजेच्या बाबतीत दोन चुका जवळपास प्रत्येक नव्या संघाकडून होतात, म्हणून त्या इथे सविस्तर सांगतो. पहिली चूक नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीची. ती दुकानात सहज मिळते, दिसायला नीटस असते, आणि मोटारींना ती पुरत नाही. मोटार सुरू होताना जास्त प्रवाह ओढते, बॅटरीच्या आतला रोध मोठा असल्याने व्होल्टेज खाली बसते, अर्डुइनो बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि गाडी उचकी लागल्यासारखी चालते. मुले मग प्रोग्रॅममधली चूक शोधत बसतात. अशा वेळी प्रोग्रॅमला हात न लावता मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचे यंत्र) बॅटरीच्या टोकांना लावून मोटार चालू करायला सांगावे. आकडा खाली कोसळताना डोळ्यांनी दिसला की आंतररोध वेगळा शिकवावा लागत नाही.

दुसरी चूक एल२९८एन या मोटार ड्रायव्हरबाबतची, म्हणजे अर्डुइनोच्या हुकमाने मोटारीला वीज देणाऱ्या बोर्डाबाबतची आहे. स्वस्त आणि टिकाऊ असल्याने तो सगळीकडे वापरतात, परंतु त्यात साधारण दोन व्होल्ट खर्ची पडतात. दीड व्होल्टचे चार सेल लावले म्हणजे मोटारीला सहा व्होल्ट मिळतात असे मुले धरून चालतात, प्रत्यक्षात चारच पोचतात. शिवाय अर्डुइनो आणि ड्रायव्हर यांची ऋण टोके एकमेकांना जोडायची राहिली, तर सगळी जोडणी बरोबर दिसूनही काही हलत नाही. हे तीन दोष कसे ओळखायचे, त्याचा तक्ता संघाच्या टेबलावर चिकटवून ठेवावा. लिथियमचे सेल वापरणार असाल, तर योग्य चार्जरशिवाय आणि समोर मोठे माणूस असल्याशिवाय ते चार्ज करायचे नाहीत, हा नियम कोणासाठीही शिथिल करू नये.

भाग हाती येण्यापूर्वी टिंकरकॅडवर संगणकातच जोडणी करून पाहता येते आणि ते विनामूल्य आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे संगणकविषयक पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत मिळतात, आणि अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंपासून करायच्या वैज्ञानिक खेळण्यांचा मोठा साठा मराठीतही खुला आहे. शाळेत इंटरनेट अडखळत असेल, तर हे साहित्य पेनड्राइव्हवर उतरवून ठेवावे.

चौथी पायरी: गावातले गुरू शोधणे

हे काम सर्वांत महत्त्वाचे आहे आणि याला वेळही सर्वांत जास्त द्यावा. मुलांना गावाचा हातनकाशा काढायला सांगावा आणि जिथे काहीतरी फिरते, उचलले जाते, कापले जाते किंवा आपोआप चालू-बंद होते, अशा प्रत्येक जागी खूण करायला सांगावी. आमच्या नकाशावर पहिल्याच दिवशी बत्तीस खुणा झाल्या: मोटार रिवायंडिंगचे दुकान, पिठाची गिरणी, एसटीचा डेपो, फॅब्रिकेशनचे वर्कशॉप, लेथवाला, आयटीआय, दूध संकलन केंद्र, साखर कारखान्याचा वजनकाटा, उपसा सिंचनाचे पंपघर, लाइट-साउंडवाले. खेडेगावात तंत्रज्ञान नाही असे म्हणणाऱ्याने असा नकाशा एकदा काढून पाहावा.

यांतल्या एका माणसाचा मुद्दाम उल्लेख करतो. गणेशोत्सवातले हलते देखावे करणारे कारागीर जवळपास प्रत्येक मोठ्या गावात असतात. राक्षसाचा हात वर-खाली करणे, रथाचे चाक फिरवणे, पडदा ठरल्या वेळी सरकवणे, हे सगळे ते भंगारातून आणलेल्या वायपरच्या मोटारी, लाकडी कॅम, दोऱ्या आणि पुल्या यांच्यावर वर्षानुवर्षे करत आले आहेत. आमची मुले अशाच एका कारागिरांकडे गेली तेव्हा त्यांनी प्लायवूडची एक लंबगोल चकती हातात दिली, तिच्या कडेवर बोट टेकवायला लावले आणि चकती सावकाश फिरवली. बोट वर गेले, थांबले, खाली आले. ‘फिरणं जे आहे ना, ते असं वर-खाली करायचं,’ एवढेच ते बोलले. वर्तुळाकार गतीचे रेषीय गतीत रूपांतर शिकवायला मला एक तास लागला असता. त्याच काकांनी पुढे आमच्या गाडीचा उचलणारा हात पाहिला, वजन मागे घ्या म्हणाले आणि गाडी पुढे कलंडणे थांबले.

वायपरच्या मोटारीची ओळख तिथूनच झाली. ती १२ व्होल्टवर चालते, वेग कमी असला तरी जोर भरपूर असतो आणि जुन्या गाड्यांच्या भंगारात मिळते. किटमधल्या लहान पिवळ्या बीओ (बॅटरीवर चालणाऱ्या) मोटारींना जे वजन झेपत नाही, ते ती सहज उचलते. मात्र तिला लागणारा प्रवाह एल२९८एनच्या आवाक्याबाहेरचा असतो, त्यामुळे तिच्यासाठी रिले (विजेने चालू-बंद होणारा स्विच) किंवा जास्त क्षमतेचा ड्रायव्हर लागतो. नेमका कोणता, हे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात मोटार सोबत नेऊन विचारावे. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतली तापकीर गल्ली या त्यासाठी ठरलेल्या जागा आहेत. वर्षातून एकदा चार मुलांना यादी देऊन तिथे न्यावे आणि दुकानदाराशी त्यांनाच बोलू द्यावे.

माणसांकडे जायचे कसे, यालाही पद्धत आहे. आधी शिक्षकाने एकट्याने जाऊन त्यांच्या सोयीची वेळ विचारावी. गिरणीत सकाळी आणि गॅरेजमध्ये संध्याकाळी गर्दी असते, त्या वेळी मुले नेली तर त्यांचा धंदा खोळंबतो. एका वेळी चार-पाचच मुले न्यावीत. प्रत्येकाने एक प्रश्न लिहून न्यावा आणि तो प्रश्न ‘हे कसे चालते’ असा मोघम नसावा. ‘ही मोटार जळते तेव्हा आधी काय बिघडते’, ‘पट्टा घसरतो हे तुम्हाला आवाजावरून कळते का’, असे प्रश्न विचारले की माणूस हातातले काम बाजूला ठेवून बोलू लागतो, कारण त्याच्या कौशल्याबद्दल एवढ्या आस्थेने त्याला कोणी विचारलेले नसते. परत आल्यावर आठ दिवसांच्या आत मुलांनी हाताने लिहिलेले आभारपत्र द्यावे आणि आपण त्यांच्याकडून काय शिकलो ते त्यात एका वाक्यात लिहावे. रिवायंडिंगच्या दुकानातले आमचे पत्र आजही तिथल्या देवाच्या फोटोखाली चिकटवलेले आहे.

गावाबाहेरच्या आधारातही असाच माग काढावा. जिल्ह्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात रोबोकॉनचा संघ असू शकतो. आशिया-पॅसिफिक विभागातल्या महाविद्यालयांची एबीयू रोबोकॉन ही स्पर्धा २००८ आणि २०१४ मध्ये पुण्यात झाली होती, आणि महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत या स्पर्धेची परंपरा आहे. हे दादा-ताई वयाने जवळचे असल्याने मुले त्यांच्याशी मोकळेपणाने बोलतात. त्यांना व्याख्यानाला बोलावू नये, त्यांचा मोडलेला जुना रोबोट घेऊन या आणि तो कुठे चुकला ते सांगा, अशी विनंती करावी. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेला विज्ञान आश्रम आहे. ग्रामीण मुलांनी हाताने काम करत तंत्रज्ञान शिकावे हाच त्याचा पाया आहे, आणि अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी (संगणकावर आखलेल्या वस्तू यंत्रांनी बनवायच्या कार्यशाळांपैकी) एक तिथे आहे. जवळच्या शाळांनी तिथे एक दिवस काढावा. परदेशी गेलेले माजी विद्यार्थी मदत करायला उत्सुक असतात. त्यांच्याकडून महिन्यातून एकदा अर्ध्या तासाचा व्हिडिओ कॉल आणि एका ठरावीक अडचणीचे उत्तर एवढेच मागावे. मोघम ‘मार्गदर्शन’ मागितले की ते पुढे ढकलले जाते.

पाचवी पायरी: नियमपुस्तिका आणि वर्षाचा विषय

मोठ्या स्पर्धांची नियमपुस्तिका इंग्रजीत आणि जाडजूड असते. ती शिक्षकाने वाचून समजावली, तर मुलांना ती कधीच येत नाही. पुस्तिकेचे भाग पाडून दोघा-दोघांना द्यावेत, प्रत्येक जोडीने आपल्या भागातले नियम मराठीत लिहावेत आणि इतरांनी ‘हे केले तर चालेल का’ असे प्रश्न विचारून त्यांची परीक्षा घ्यावी. उत्तर देताना नियमाचा क्रमांक सांगावाच लागेल, अशी अट ठेवावी. दोन आठवड्यांत मुले पुस्तिकेवर अशी पक्की होतात की शिक्षकाची चूक तीच दुरुस्त करतात.

लेगो लीगला दर वर्षी एक विषय असतो. २०२२-२३ मध्ये तो ऊर्जेचा होता, २०२४-२५ मध्ये समुद्राचा आणि २०२५-२६ मध्ये पुरातत्त्वाचा. इथे मुलांचा पहिला हात मोबाइलकडे जातो आणि सगळ्या संघांचे प्रकल्प एकाच साच्याचे होतात. विषय कळला की पहिले पंधरा दिवस मोबाइल बाजूला ठेवून जिल्ह्यात कोणाकडे जायचे याचा विचार करावा. समुद्र असेल तर कोकणातल्या शाळेने जाळे विणणाऱ्या मावशींना आणि ट्रॉलरच्या तांडेलांना विचारावे. पुरातत्त्व असेल तर जुन्नरच्या मुलांना नाणेघाटातला सातवाहनकालीन शिलालेख जवळ आहे आणि धाराशिव जिल्ह्यातल्या मुलांना तेरचे संग्रहालय. उकरताना भांडे फुटू नये म्हणून हाताचा जोर कसा सांभाळतात, असा एक नेमका प्रश्न तज्ज्ञाला विचारून आलेला संघ परीक्षकांसमोर वेगळाच बोलतो.

या सगळ्याची नोंद रोजच्या रोज वहीत व्हावी. तारीख, काय केले, काय बिघडले, का बिघडले, उद्या काय. फर्स्ट टेक चॅलेंजमध्ये परीक्षक संघाचा तांत्रिक दस्तऐवज पाहतात आणि समाजाशी जोडून घेणाऱ्या संघांसाठी तिथे वेगळा पुरस्कारही आहे. पण स्पर्धा नसली तरी ही वही असावी, कारण मागच्या वर्षीच्या चुका पुढच्या वर्षीच्या मुलांना फक्त तिच्यातच सापडतात.

सहावी पायरी: पैसा

आता वर्गणी मागायला हरकत नाही, कारण आता ज्यांच्याकडे जायचे ते संघाला ओळखतात. मागताना रक्कम न सांगता वस्तू सांगावी. ‘रोबोटिक्ससाठी मदत करा’ म्हटल्यावर माणूस विचारात पडतो, ‘दोन मोटारी आणि एक मल्टिमीटर हवा आहे’ म्हटले की तो दुकानाचे नाव विचारतो. वेळ, जागा आणि हत्यारे यांनाही देणगीइतकेच मोल द्यावे. फॅब्रिकेशनवाल्यांनी दर शनिवारी एक तास कटर वापरू दिला, तर त्यांचे नाव फलकावर देणगीदारांच्या बरोबरीने लागले पाहिजे.

हिशेबाबाबत मी कळकळीने सांगतो. पहिल्या वर्षी आम्ही सोयीसाठी एका शिक्षकाच्या मोबाइलवरच पैसे स्वीकारले. कोणी गैर वागले नव्हते, तरीही पालकसभेत प्रश्न आला तेव्हा घरखर्चाचे आणि संघाचे व्यवहार वेगळे करून दाखवायला दोन रात्री गेल्या, आणि त्या शिक्षकाच्या मनाला लागले ते वेगळेच. तेव्हापासून प्रत्येक रुपया संस्थेच्या बँक खात्यात जमा होतो, पावती त्याच दिवशी दिली जाते आणि दर महिन्याचा जमाखर्च सूचनाफलकावर मुलांच्या अक्षरात लागतो. संस्थेकडे देणग्यांवरच्या आयकर सवलतीची (८०जी म्हणून ओळखली जाणारी) नोंदणी असेल तर देणगीदाराला करसवलत मिळू शकते, मात्र २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर ती मिळत नाही, हे आधीच सांगावे. मोठ्या कंपन्यांना कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करावे लागतात. हा निधी घेणाऱ्या संस्थेला सीएसआर-१ अर्ज भरून नोंदणी करावी लागते. एमआयडीसीतल्या कंपनीत जाण्याआधी हे कागद तयार ठेवावेत आणि सोबत शब्दवही न्यावी. आमच्याकडे आलेल्या एका अधिकाऱ्यांनी सादरीकरण थांबवून तीच वही अर्धा तास वाचली होती.

सातवी पायरी: घर, वेळ आणि मुली

संघाची वेळ शेवटच्या एसटीवर ठरते. साडेपाचची गाडी चुकली की वाडीवरची मुलगी घरी पोचत नाही आणि दुसऱ्या दिवसापासून तिचे येणे बंद होते. म्हणून वेळापत्रक आखताना पहिल्यांदा मुलींच्या गाड्यांच्या वेळा लिहाव्यात. शक्य तिथे शनिवारची सकाळची शाळा सुटल्यानंतरचे दोन तास घ्यावेत आणि डब्याची सोय करावी.

कामाच्या वाटपात एक गोष्ट न ठरवता घडत जाते आणि ती डोळ्यांत तेल घालून थांबवावी लागते. वही लिहिणे, तक्ते रंगवणे, भाषण करणे मुलींकडे जाते आणि पाना, सोल्डरिंग आयर्न, रिमोट मुलांकडे राहतो. आम्ही दर तीन आठवड्यांनी कामे बदलतो आणि हत्यारांच्या पेटीची जबाबदारी वर्षभर एका मुलीकडे देतो.

दहावीचे वर्ष आले की बहुतेक घरांतून मुलाला काढून घेतले जाते. त्यावर वाद घालू नये. आठवी-नववीवर संघ उभा करावा आणि दहावीच्या मुलांनी दिवाळीपर्यंत आठवड्यातून एक तास फक्त शिकवायला यावे, एवढेच पालकांकडे मागावे. ही मागणी नाकारणारे पालक मला क्वचितच भेटले.

आठवी पायरी: गावासमोर येणे

वर्षातून निदान तीन वेळा रोबोट शाळेच्या फाटकाबाहेर गेला पाहिजे. १५ ऑगस्टचे झेंडावंदन, गणेशोत्सवातला एक दिवस आणि २८ फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिन या तारखा सोयीच्या आहेत. आठवडे बाजारात एक टेबल लावले तर त्याहून चांगले, कारण शाळेत कधीच न येणारी माणसे तिथे भेटतात. रिमोट बघणाऱ्याच्या हातात द्यावा. बाजारात एका आजींनी गाडी पुढे घेतली, ती टेबलाच्या कडेला येऊन आपोआप थांबली, तेव्हा त्यांनी विचारले, ‘हिला कसं कळलं गं?’ आणि नववीतल्या मुलीने त्यांना समजेल अशा भाषेत सेन्सर समजावला. शब्दवहीत लिहिलेले मराठी तिथे कामाला आले. बिघडलेला भागही टेबलावर ठेवावा आणि तो कसा बिघडला ते सांगावे. लोक त्याच्याभोवती जास्त वेळ थांबतात, आणि ‘आमच्याकडे असा पार्ट पडून आहे’ हे वाक्य नेमके तिथेच ऐकू येते.

ज्यांनी शिकवले त्या काकांना, मामांना या दिवशी आग्रहाने बोलवावे. त्यांना व्यासपीठावर बसवण्यापेक्षा टेबलामागे, मुलांच्या बाजूला उभे करावे आणि त्यांच्याकडून शिकलेला भाग त्यांच्या समोरच चालवून दाखवावा.

नववी पायरी: पुढच्या जूनची तयारी

एप्रिलमध्ये रोबोट पूर्ण सुटा करावा. सजवून कपाटात ठेवण्याचा मोह होतो, पण पुढच्या मुलांना भाग हवे असतात आणि सुटा करताना जोडणीची उजळणी होते. स्क्रू आकाराप्रमाणे बरण्यांत, मोटारी तपासून नावाच्या चिठ्ठ्या लावून आणि सेल गाडीतून काढून वेगळे ठेवावेत, नाहीतर उन्हाळ्यात ते पाझरून जोडणी खराब होते. गावातल्या गुरूंची नावे, त्यांच्या सोयीच्या वेळा आणि त्यांनी काय शिकवले याची यादी मुख्याध्यापकांकडे एक प्रत देऊन ठेवावी, म्हणजे संघ चालवणाऱ्या शिक्षकाची बदली झाली तरी ती यादी शाळेतच राहते.

जूनच्या पहिल्या शनिवारी आठवीची नवी मुले येतात तेव्हा आमच्याकडे शिक्षक बोलत नाहीत. नववीत गेलेली मुले प्रत्येकाला कोरा कागद देतात आणि आठवणीतून सायकल काढायला सांगतात. चित्रे झाली की जुन्यांपैकी कोणीतरी आपले मागच्या वर्षीचे चित्र खिशातून काढून पुढे ठेवते, ज्यात चेन पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत गेलेली असते, आणि मग सगळे मिळून व्हरांड्यात सायकल उलटी करायला जातात.